पाहुण्याआधी यजमान : शाश्वत पर्यटनाच्या पदव्युत्तर अभ्यासाची प्रस्तावना

भडगावच्या बस स्टँडवर कुणालाही विचारा, इथं पर्यटक येतात का? उत्तर ठरलेलं आहे : ‘आठे काय शे देखाले?’ म्हणजे, इथं बघायला आहे काय? गिरणेच्या काठावरचं, कापूस-केळीच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. ना लेणी, ना समुद्र, ना थंड हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळतो. राज्याच्या पर्यटन नकाशात अजिंठा ठळक अक्षरांत असतो, वेरूळ असतं, भडगाव नसतं. तरीही शाश्वत पर्यटन व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासाची ओळख करून देताना मी भडगावपासूनच सुरुवात करतो आहे. पर्यटन जिथे बेसुमार फोफावलं, तिथे हा विषय डागडुजीचा होऊन बसतो. वाहतूक कोंडी सोडवा, कचरा उचला, झऱ्याचं पाणी परत आणा, अशी कामं मागे लागतात. जिथे ते अजून नीट आलेलंच नाही, तिथे गावाला काय हवं आणि काय नको, हे आधी विचारता येतं. खानदेशाच्या बऱ्याच भागाला ही संधी अजून आहे.

शिवाय ‘पर्यटक येत नाहीत’ हे खरंही नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते तेव्हा सुरत, नाशिक, पुणे, कल्याणला पोटापाण्यासाठी गेलेली घरंच्या घरं रोटांसाठी परततात. कुणी काजगाव किंवा पाचोऱ्याला रेल्वेतून उतरतं, सुरतकडचे अमळनेर-धरणगावला उतरून एसटी धरतात. कुणाला कुलदैवताला जायचं असतं, कुणाचा नवस फेडायचा असतो, कुणाच्या घरी लग्न असतं. संयुक्त राष्ट्रांची सांख्यिकी व्याख्या बघितली तर आपलं नेहमीचं ठिकाण सोडून, नोकरीखेरीज अन्य कारणाने, वर्षभरापेक्षा कमी काळासाठी दुसरीकडे जाऊन रात्रीचा मुक्काम करणारा माणूस पर्यटकच ठरतो. नातेवाइकांकडे जाणंही त्यात धरलेलं आहे. म्हणजे आखाजीला आलेली लेक या हिशेबात बसते. पण ती लॉजवर उतरत नाही, तिचं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये चढत नाही, म्हणून ती मोजली जात नाही. तिने तालुक्याच्या बाजारात केलेली खरेदी, भाड्याने केलेली जीप, परत जाताना डब्यात भरलेले बिबडे आणि पापड हे सगळं कुणाच्याच कोष्टकात येत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्याने पहिला धडा इथेच घ्यावा असं मला वाटतं. पदवीच्या वर्गात तिकीट, पॅकेज, हॉटेल, विमानतळांचे संकेत एवढं शिकून पोरं नोकरीला लागतात आणि त्यात वाईट काही नाही. पदव्युत्तर पातळीवर मात्र आकडा समोर आला की तो कुणी मोजला, कुणाला मोजलं आणि कुणाला वगळलं, हे विचारायचं असतं. खानदेशातलं सर्वांत मोठं पर्यटन घराघरांतल्या ओसरीवर उतरतं. त्याची मोजणी करायची तर प्रश्नावली अहिराणीत, म्हणजे इथल्या बोलीत, न्यावी लागेल, आणि ती भरून घ्यायला सणाच्या आठवड्यात गावात राहावं लागेल.

विषयाचा जागतिक इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतो. 1987 मध्ये ब्रुन्टलँड आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे ठेवली. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, हा तिचा गाभा. 1992 ला रिओत वसुंधरा परिषद झाली आणि हळूहळू ही कल्पना पर्यटनाला लावली जाऊ लागली. त्याआधीच 1975 मध्ये डॉक्सी यांनी पाहुण्यांबद्दल गावकऱ्यांचं मन कसं बदलत जातं, याचे टप्पे मांडले होते : आधी आनंद, मग सवय, मग चीड, शेवटी उघड विरोध. 1980 मध्ये बटलर यांनी पर्यटनस्थळाचं आयुष्य शोधापासून भरभराटीपर्यंत आणि तिथून उतरणीपर्यंत कसं जातं, हे एका वक्ररेषेत दाखवलं. 2017 हे साल संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलं. या सगळ्यातून व्याख्या तयार झाली ती अशी : आजचे आणि उद्याचे आर्थिक, सामाजिक, पर्यावरणीय परिणाम पुरते लक्षात घेऊन पाहुणा, व्यवसाय, निसर्ग आणि यजमान समाज या चौघांच्या गरजा भागवणारं पर्यटन.

चौघांमध्ये यजमान शेवटी लिहिला जातो. माझ्या मते त्याला पहिला क्रमांक द्यायला हवा. हे म्हणायला आधार लागतो, आणि तो फार लांब शोधावा लागत नाही.

भडगावच्या शेजारचा तालुका चाळीसगाव. त्याच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. आता जंगलाने वेढलेलं हे ठिकाण यादवकाळात पाटण नावाची नांदती पेठ होती. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला आणि 1865 मध्ये त्याबद्दल लिहिलं. लेखाचा काळ शके 1128, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने 1207 च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. त्या प्रदेशावर अधिकार असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. आजच्या भाषेत सांगायचं तर आठशे वर्षांपूर्वी खानदेशात उच्च शिक्षणाची संस्था होती आणि तिचा अभ्यासक्रम गणित व खगोल हा होता.

माझं लक्ष खिळतं ते लेखाच्या शेवटच्या भागावर. वरचा भाग संस्कृतात आहे, पण पैशाचा हिशेब सुरू झाला की भाषा मराठी होते. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजाला जो वाटा मिळत असे, तो मठाला दिला आहे. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे एक पळी तेल मठाला द्यायचं आहे. पेठेत ग्राहक येणार, त्यात बाहेरगावचे असणार. त्यांच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा राजधानीकडे न जाता त्याच गावातल्या शाळेत राहणार. दर ठरलेला, वसुलीची जागा ठरलेली, लाभार्थी ठरलेला, आणि हे सगळं दगडावर, सर्वांना वाचता येईल अशा भाषेत. पर्यटनाच्या अर्थशास्त्रात आज ज्याला गळती म्हणतात, म्हणजे पाहुण्याने खर्च केलेला पैसा गावात न थांबता बाहेर वाहून जाणं, तिच्यावरचा इतका नेमका इलाज मी दुसरीकडे वाचलेला नाही. आपल्या प्रवेश शुल्काच्या पावत्या बघा. पैसा कुठे जातो, गावाच्या शाळेला किंवा पाण्याच्या टाकीला त्यातलं काय मिळतं, हे पावतीवर लिहिलेलं नसतं. पाटणच्या त्या अज्ञात लेखनिकाने ते लिहून ठेवलं होतं.

गळतीचा विषय विद्यार्थ्याला आकड्यांत शिकवण्यापेक्षा ताटावर शिकवावा. समजा, पाटणादेवीच्या वाटेवरच्या एखाद्या खेड्यात पाहुण्याने वरणबट्टी मागितली. गहू गावचा, दळण गावच्या चक्कीवरचं, तूरडाळ शेजारच्या शिवारातली, वांगी घरच्या वाफ्यातली, बट्ट्या गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या, तूप गावातल्या म्हशीचं. वाढणारी बाई गावची. या ताटाचे जे पैसे होतील त्यातला फार थोडा भाग, तेल-मसाल्यापुरता, गावाबाहेर जातो. तोच पाहुणा हमरस्त्यावरच्या ढाब्यावर बाटलीबंद पाणी, पाकिटातले वेफर्स आणि गोठवलेले मटार घातलेली पनीरची भाजी घेतो, तेव्हा बिल मोठं असतं आणि गावात राहतो तो वेटरचा पगार, तोही तो इथला असला तर. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते कागदावरून ताटात आणायचं काम व्यवस्थापनाचं आहे. दोन ताटांचे हिशेब शेजारी शेजारी मांडणं हा मी विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात देईन असा स्वाध्याय आहे. त्यासाठी स्वयंपाकघरात बसावं लागतं, किराणावाल्याची वही बघावी लागते आणि बाईच्या श्रमाला दर लावावा लागतो. शेवटचं काम सर्वांत अवघड आहे, कारण घरात कुणीच तो दर कधी लावलेला नसतो.

पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रम घाट अभयारण्यात येतो. 1986 पासून त्याला अभयारण्याचा दर्जा आहे. केदारकुंडाचा धबधबा, कन्हेरगड, चंडिकेचं मंदिर, डोंगरापलीकडे कन्नडच्या बाजूला पितळखोऱ्याची इसवी सनापूर्वीची लेणी. पावसाळ्यात इथली हिरवळ बघायला जिल्हाभरातून माणूस लोटतं, नवरात्रात यात्रा भरते. ‘किती माणसं इथे मावतील?’ हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही. तो सोडवण्याची एक रीत 1992 मध्ये सिफुएंतेस यांनी मांडली. ती उदाहरणाने समजून घेऊ. आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, धबधब्यापुढे उभं राहण्याजोगी जागा 300 चौरस मीटर आहे. एका माणसाला 3 चौरस मीटर धरले तर एका वेळी 100 माणसं. दिवसाचे 8 तास जागा खुली आणि एकाचा मुक्काम 2 तासांचा, म्हणजे चार फेऱ्या. दिवसाला 400. ही झाली जागेची क्षमता. आता दगड निसरडे असतात, वरून लोंढा येतो, काही दिवस जागा बंदच ठेवावी लागते. त्यापोटी पाव भाग वजा केला की 300 उरतात. मग बघायचं की वनरक्षक किती, स्वच्छतागृहं किती, कचरा खाली नेणारी गाडी आहे की नाही. व्यवस्था गरजेच्या निम्मीच असेल तर उरतात 150.

चारशेचे दीडशे होतात तिथे या शास्त्राचं मर्म आहे. जागा चारशे माणसं पेलू शकते, पण आपली व्यवस्था दीडशेच पेलू शकते. वरच्या आकड्यावर बोट ठेवून परवानगी देणारे पुष्कळ असतात. खालचा आकडा सांगणारा माणूस तयार करणं, हे पदव्युत्तर शिक्षणाचं काम आहे. अर्थात निव्वळ डोकी मोजून भागत नाही. 1985 मध्ये अमेरिकेच्या वनसेवेतल्या अभ्यासकांनी वेगळी दिशा दाखवली : माणसं किती, यापेक्षा जागेत किती बदल आपल्याला चालेल ते आधी ठरवा आणि त्यावर नजर ठेवा. वाट किती रुंदावली, झाडाच्या मुळांवरची माती किती गेली, पाणवठ्यावर जनावर यायचं थांबलं का. दीडशे शांत माणसांपेक्षा स्पीकर लावलेली वीस माणसं जंगलाला जड जातात, हे पाटणादेवीच्या आसपासचा कुठलाही गुराखी सांगेल. त्याची साक्ष शोधनिबंधात कशी नोंदवायची, हे शिकवावं लागतं.

हवामानाचाही विचार इथे दूरचा नाही. 2021 च्या ऑगस्टच्या अखेरीस एका रात्रीत झालेल्या पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळल्या, चाळीसगाव शहरात पुराचं पाणी शिरलं. घाटात अडकलेल्यांत प्रवासी होते, मालवाहू गाड्या होत्या. घाटमाथ्यावर पाऊस सुरू असताना खालच्या नदीपात्रात सेल्फी काढणाऱ्याला धोक्याची सूचना कुणी, कशाने, किती वेळात द्यायची? आपत्ती व्यवस्थापन हा पर्याय म्हणून घ्यायचा विषय नव्हे, तो सक्तीचा असावा.

पाण्याचा दुसरा चेहरा गिरणा दाखवते. ही नदी सह्याद्रीत उगम पावते आणि तापीला मिळते. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात. उन्हाळ्यात धरणातून पिण्यासाठी आवर्तन सोडलं की कोरड्या पात्रातून पाणी वाट काढत खाली येतं, आणि भडगाव, पाचोरा व काठावरची गावं त्याची वाट बघत असतात. वाळू उपशाने पात्र खरवडलं गेलं की विहिरींची पातळी उतरते, याची चर्चा इथे वर्षानुवर्षं चालू आहे. अशा पट्ट्यात कुणी ‘रिव्हरसाइड रिसॉर्ट’ काढतो म्हणाला आणि त्यात पोहण्याचा तलाव असला, तर विद्यार्थ्याने सौंदर्याच्या आधी आवर्तनाचं वेळापत्रक मागितलं पाहिजे. पाहुणे एप्रिल-मेच्या सुटीत येणार, आणि नदीत पाणी कमीत कमी असतं तेही तेव्हाच. एका खोलीला दिवसाला किती लिटर, ते कुठून, आणि त्याच दिवशी गावाच्या नळाला किती वेळ पाणी, या तीन प्रश्नांची उत्तरं एका पानावर आल्याशिवाय त्या प्रकल्पाला होकार देऊ नये. माझं मत विचाराल तर गिरणाकाठी अशा तलावाला परवानगी असूच नये.

जुन्या ठिकाणांतून शिकायचं तर अजिंठा हाताशी आहे. 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली, 1983 मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. माणसांच्या श्वासातली वाफ आणि उष्णता चित्रांना बाधते, म्हणून चित्रांच्या लेण्यांत गर्दी आवरावी लागते. जपानच्या कर्जसाहाय्याने आखलेल्या अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्पात काही चांगल्या गोष्टी झाल्या. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटलाच थांबतात, पुढे बसने जावं लागतं, त्यामुळे वाघूर नदीच्या घळीतला धूर आणि गोंगाट कमी झाला. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. त्याच प्रकल्पात 2013 मध्ये अभ्यागत केंद्र उघडलं. 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे उभ्या केल्या, म्हणजे मूळ लेण्यांवरचा भार हलका व्हावा. कल्पना उत्तम होती. पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी हे केंद्र बंद पडलं. इमारत उभारायला कर्ज मिळतं, दरमहा दिवे लावायला मिळत नाही. पाटणच्या लेखात घाण्यामागची पळीभर तेलाची तरतूद आहे, ती याचसाठी असावी. मठाला दान देणाऱ्याने मठाच्या दिव्यांचाही विचार केला असावा.

अजिंठ्याला रेल्वेने येणारा बहुतेक पाहुणा जळगावला उतरतो, गाडी करतो, लेणी बघतो आणि संध्याकाळी परततो किंवा वेरूळकडे निघून जातो. याच जिल्ह्यात फरकांड्याचे झुलते मनोरे आहेत, त्यातला एक पडला आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. एरंडोलजवळचं पद्मालय, त्याचं कमळांचं तळं, चाळीसगावचं केकी मूस यांचं कलादालन, जळगावचं गांधीतीर्थ या जागा त्याच्या दिवसात बसत नाहीत. त्याला एक रात्र जास्त थांबवायचं का? थांबवायचं तर कुठे, कुणाच्या घरी? मला वाटतं, आणखी गर्दी खेचण्यापेक्षा आलेल्याचा मुक्काम वाढवणं खानदेशाच्या हिताचं आहे. माणूस तोच, प्रवासाचा धूर तेवढाच, आणि गावात राहणारा पैसा अधिक.

प्रत्येक प्रश्नाला असं सोपं उत्तर नसतं. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, आमच्या बोलण्यातली ‘पी.जे.’, शतकभर शेंदुर्णी-पहूरच्या वाटेने धावली. 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली आणि मार्ग ब्रॉडगेज करायचं ठरलं. दार्जिलिंगची छोटी गाडी 1999 मध्ये जागतिक वारसा झाली, कालका-सिमला 2008 मध्ये. मग पी.जे. का जपू नये, असं शहरातला रेल्वेप्रेमी विचारतो, आणि त्याची तळमळ खरी असते. पण जामनेरच्या विद्यार्थ्याला, शेतमाल नेणाऱ्याला, दवाखान्यात जाणाऱ्याला मोठी गाडी हवी आहे. पाहुण्याच्या हौसेसाठी यजमानाने हळू गाडीत बसावं, असं म्हणायचा अधिकार कुणाला? मी ब्रॉडगेजच्या बाजूने आहे, आणि एखादं इंजिन, दोन डबे, एखादं जुनं स्टेशन जपलं जावं असंही मला वाटतं. विद्यार्थ्याने माझ्याशी सहमत व्हायला हवं असं नाही. पण त्याने हौसेने गाडी बघायला येणाऱ्यांच्या आधी रोज त्या मार्गाने जाणाऱ्यांची मुलाखत घेतलेली असली पाहिजे.

लोकांच्या हाती कारभार दिला तर काय होतं, याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, नंतर कासव महोत्सव उभा राहिला, आणि पाहुणे गावातल्या घरांत राहू-जेवू लागले. अंड्यांची राखण आणि घराची कमाई एकमेकांना बांधली गेली. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर वारसा यादीत गेलं. फुलांच्या हंगामात दिवसाला 3000 माणसांची मर्यादा घातली, आगाऊ नोंदणी आणली आणि कारभार आसपासच्या गावांच्या वन समित्यांकडे दिला. कुंपण घातलं, नंतर ते काढलंही. चूक वाटली तर निर्णय मागे घेता येतो, हे कासने दाखवलं, आणि ते मला मर्यादेच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आमच्याकडचं उदाहरण जुनं आहे. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावाकडच्या साध्या वस्तूंतून सजावट उभी केली. खेड्याने हजारोंना जागा दिली ती स्वतःच्या सामानातून, आणि गांधीजींचा आग्रहच तसा होता. आजच्या महोत्सवांत मांडव, खुर्च्या, जेवण, सूत्रसंचालक सगळंच बाहेरून ट्रकने येतं. फैजपूरचा सविस्तर अभ्यास या दृष्टीने एखाद्या विद्यार्थ्याने करावा, त्यात प्रबंधाचा ऐवज आहे.

अभ्यासाच्या पद्धतींबद्दलही आपल्याला अगदी शून्यातून सुरुवात करायची नाही. पर्यटन नियोजनात पहिलं पाऊल असतं स्थळांची नोंद. भडगाव तालुक्यातलं कनाशी हे महानुभाव पंथाचं क्षेत्र. या पंथाची चौदाव्या शतकातली ‘स्थानपोथी’ उघडून बघावी. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागा कुठल्या दिशेला, दार कुणीकडे, शेजारी काय, याची काटेकोर नोंद तिच्यात आहे. जीपीएस हातात असलेल्या विद्यार्थ्यानेही नोंदीची ती शिस्त घ्यावी. तिच्यात आजची भर घालावी : पाणी आहे का, सावली आहे का, बाईमाणसासाठी स्वच्छतागृह आहे का, व्हीलचेअर जाईल का, आणि जागा कुणाच्या मालकीची आहे.

मालकीपाशी कायदा येतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, 2006 चा वनहक्क कायदा, संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित ठेवणारा 1958 चा कायदा व त्याची 2010 ची दुरुस्ती, सातपुड्याच्या अनुसूचित क्षेत्रात 1996 चा पेसा, राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण. हे वाचल्याशिवाय कुणी सल्लागार होऊ नये. संख्याशास्त्र, नकाशे, ताळेबंद, थोडी परिसंस्था, थोडं मानवशास्त्र एवढं दोन वर्षांत बसतं. ग्वाल्हेरची पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था 1983 पासून आहे, छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. तिकडे जाणाऱ्या खानदेशी मुलामुलींनी जाताना आपली नदी सोबत न्यावी, असं मला मनापासून वाटतं. बालीचं आणि व्हेनिसचं उदाहरण परीक्षेत सगळेच लिहितात.

नोकरीचा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. वन विभागाचे निसर्ग पर्यटन प्रकल्प, पर्यटन महामंडळ, जिल्हा नियोजनाची कामं, स्वयंसेवी संस्था, प्रमाणन करणाऱ्या संस्था, मोठ्या हॉटेलांचे पर्यावरण विभाग, कृषी पर्यटन केंद्रं अशा वाटा आहेत. पगार सुरुवातीला आयटीएवढा नसतो, हे आधीच सांगितलेलं बरं. पण एखाद्या तालुक्याला स्वतःचा पर्यटन आराखडा स्वतः करता यावा, एवढं कसब ज्याच्याकडे आहे त्याची गरज प्रत्येक तालुक्याला आहे, आणि असे लोक सध्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

क्षेत्रकामाबद्दल एक आग्रह नोंदवून थांबतो. दुसऱ्या सत्राचं काम एकाच गावात, निदान एक सण आणि एक उन्हाळी आवर्तन गाठून करावं. अहवाल विद्यापीठाला देण्याआधी मराठीत लिहून 1 मेच्या ग्रामसभेत वाचावा. बायका बोलत नसतील तर महिला सभेत पुन्हा वाचावा. त्यावर जे आक्षेप येतील ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत, अहिराणीत आले तर अहिराणीत, लिहून घ्यावेत आणि परिशिष्ट म्हणून प्रबंधाला जोडावेत. परीक्षकांना विनंती आहे की, गुण देताना ते परिशिष्ट आधी वाचावं.